अवतरणचिन्हांतलं ‘गेले’

मंगळवार, ७ जुलै
वसतिगृह, खोली क्रमांक बावीस

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. चिमणीचा नवा दात दिसायला लागला का, ते कळव. माझा खोकला गेला. खोलीतली दुसरी मुलगी अजून झोपेत बडबडते, पण जागेपणी मी जेवढं बोलते त्यापेक्षा ते कमीच आहे, असं मजल्यावरच्या सगळ्यांचं मत पडलं.

ताई, तू आणि मी अशा घरात वाढलो, जिथे आपल्या दोघींपैकी एकीचंही वाक्य कधी पूर्ण झालं नाही. बाबा मधेच तोडायचे, दादा हसायचा, आई म्हणायची, “पुरे आता, भाजी करपतेय.” त्यावर तू गप्प बसायला शिकलीस. मी ओरडायला शिकले, म्हणून घरात भोंगा ठरले. पण दुखणं दोघींचं एकच होतं. आपलं म्हणणं कोणी शेवटपर्यंत ऐकलं नाही. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेव.

अभ्यास जोरात चालू आहे. दुसरं वर्ष म्हणजे नुसती पुस्तकं नाहीत, हाताने काम करायचं वर्ष. आमच्या विभागाचं चार पानांचं पाक्षिक निघतं. बातमी आम्ही आणायची, आम्हीच लिहायची, मुद्रितं आम्हीच तपासायची, आणि छापून आलेले गठ्ठे खांद्यावर टाकून वाचनालयात, बसस्थानकावर, दवाखान्यांच्या बाकांवर आम्हीच ठेवून यायचे. विभागात सहा संगणक आहेत, त्यातले चार चालतात. पंखा एकच, तो सरांच्या डोक्यावर. सर एका दैनिकात तीस वर्षं उपसंपादक होते. अजून निळी पेन्सिल वापरतात. त्यांचा एक नियम आहे आणि तो त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिला: अवतरणचिन्हांच्या आत हात घालायचा नाही. माणूस जे बोलला ते, जसं बोलला तसं. काना नाही, मात्रा नाही, काही हलवायचं नाही. एकाने स्वतःच्या आजोबांचं बोलणं जरा नीटनेटकं करून आणलं होतं. सरांनी विचारलं, “आजोबा असं बोलतात?” तो म्हणाला, “साधारण असंच.” सर म्हणाले, “मग आजोबांनाच प्रवेश द्यायला हवा होता, तुझ्यापेक्षा बरे बोलतात.” आम्ही हसलो, पण मला तो नियम आवडला. फार आवडला. ज्यांचं बोलणं आयुष्यभर तोडलं गेलं, त्यांच्यासाठी याहून मोठा न्याय कोणता?

माझी एक बातमी पहिल्या पानावर आली. पाण्याविषयी आहे. म्हणजे, साधारण पाण्याविषयी. काल ती एका मोठ्या दैनिकानेही घेतली, आतल्या पानावर, पण चौकटीत. तुमच्याकडे कुठला पेपर येतो? भाऊजी सगळा वाचतात की नुसती खेळाची पानं?

मे महिन्यात मी तुझ्याकडे आले होते, तेव्हा एका दुपारी आपण लसूण सोलत बसलो होतो. तू बऱ्याच दिवसांनी खूप बोललीस. काय काय बोललीस ते तुला आठवतं का? आठवत नसेल तर काही बिघडत नाही.

पाणी उकळूनच प्या. चिमणीच्या शाळेच्या बाटलीतसुद्धा उकळलेलंच भर. हे तुला मी सांगावं म्हणजे कमालच.

तुझी,
भोंगा

∗

बुधवार, १५ जुलै
विभागाचं वाचनालय

प्रिय ताई,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. नमस्कार नाही, चिमणी नाही, काही नाही. “फोन करू नकोस, इथे सगळ्यांचे फोन तपासायला मागितले आहेत. पेपर साहेबांच्या टेबलावर आहे. तू काय केलंस? मी तुझ्याशी बोलत होते, पेपरशी नाही.”

शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

तुला सगळं जसं घडलं तसं सांगते. त्या दुपारी तू लसूण सोलता सोलता म्हणालीस, की तुमच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासण्याआधीच अहवाल तयार असतात. तू ते रागाने नाही, थकून सांगितलंस, जशी एखादी बाई नळ गळतो म्हणून सांगते. मग चिमणी उठली आणि तू आत गेलीस. मी मोरीत गेले, कडी लावली आणि तुझं वाक्य हाताच्या तळव्यावर लिहून घेतलं. नंतर वहीत उतरवलं. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणूनच विचारलं नाही. एवढं तरी मी कबूल करते.

बातमीत मी तुझं नाव दिलं नाही, हुद्दा दिला नाही, दिवस दिला नाही. ‘प्रयोगशाळेतील एका कर्मचाऱ्याने सांगितले’, एवढंच. कर्मचारी म्हटलं की बाई की पुरुष ते कळत नाही. मला वाटलं, तू सुरक्षित आहेस. पुढे मग तुझं वाक्य, अवतरणचिन्हांत:

“मी बाटल्या आत ठेवायला गेले, तर टेबलावर त्याच बाटल्यांचे अहवाल शिक्का मारून तयार. पाणी अजून बाटलीत, आणि ते पिण्यास योग्य ठरलंसुद्धा!”

काय वाक्य आहे ताई! आमच्या वर्गातल्या एकालाही असं सुचलं नसतं. दोन ओळींत सगळ्या कारभाराचे कपडे उतरवलेस. आणि त्या कारभाराने काय केलं? टाक्या उपसल्या? नमुने पुन्हा तपासले? नाही. लाखभर माणसं ते पाणी पितायत, लहान मुलं पितायत, आणि चौकशी पाण्याची नाही, बोलणाऱ्याची चालू आहे. हा मजकूर मी सभेत बोलले असते तर टाळ्यांनी छप्पर हललं असतं. पण काल सभा नव्हती. काल विभागप्रमुखांच्या खोलीत एक अधिकारी बसला होता.

त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली, चहा मागवला. अशी माणसं ओरडतील अशी आपली तयारी असते. तो ओरडला नाही. विभागप्रमुख मॅडम खिडकी बंद करून आल्या, आणि खिडकी लावल्यावरच मला कळलं की त्या घाबरल्या आहेत. सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांना कोणी खुर्ची दिली नव्हती.

मी आधीच सांगून टाकलं, “मी नाव सांगणार नाही. विभागातून काढलंत तरी नाही.” माझा आवाज चांगला लागला होता. सरांनी मान किंचित हलवली.

अधिकारी म्हणाला, “मी कुठे विचारलं?” त्याने घडी घातलेला अंक उघडला, चष्मा पुसला, आणि तुझं वाक्य मोठ्याने वाचलं. वाचताना एका शब्दावर बोट ठेवलं आणि तिथेच थांबला. “‘गेले’,” तो म्हणाला. “‘गेलो’ नाही. ‘गेले’. प्रयोगशाळेतल्या अकरा जणांत बाया दोनच आहेत. तुमच्याकडे नाव मागायची गरजच नाही, तुमच्या मराठीने दिलंय. व्याकरण छान आहे हं तुमचं. जपा.”

मग त्याने चहा संपवला. संपवून, कप बशीत नीट ठेवून, गेला.

ताई, मी अठरा वक्तृत्व स्पर्धा जिंकल्यात. त्या खोलीत मी फक्त त्याची कपबशी उचलून बाहेर ठेवली. एक मात्रा, ताई. ‘ल’वरची एक मात्रा. ती अनवधानाने तशीच राहिली. मुद्रित तपासताना माझ्या नजरेतून सुटली. घाई होती, अंक छपाईला जायचा होता, असं होतं कधीकधी.

कालपासून मला सारखं वाटतंय की कोणीतरी मागे आहे. आज उपाहारगृहात एक माणूस माझ्या शेजारच्या बाकावर बसून नुसताच पाणी पीत होता. शेवटी त्याने मला विचारलं, ग्रंथालय किती वाजता बंद होतं. एवढंच. तरी मी ताट तसंच टाकून उठले. दारावर टकटक झाली की आधी तुझा चेहरा दिसतो, मग मी दार उघडते.

तू आणि बाटल्या धुणाऱ्या मावशी, त्या दोघीच ना? तुला कोणी बोलावलं का? तू काय म्हणालीस? लगेच लिही. तुझं लग्नानंतरचं आडनाव वेगळं आहे, त्यामुळे आपण बहिणी आहोत हे तिथे अजून कोणाच्या लक्षात आलं नसेल. हे पत्र फाडून टाक. भाऊजींना काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

तुझी,
घाबरलेली

∗

सोमवार, २० जुलै
विभाग, दुपारचे पावणेतीन

ताई,

आज नमस्कार-चमत्काराला वेळ नाही. चारची बस आहे. हे पत्र त्या बसने तुझ्याकडे येतंय आणि ते आणणारी बाई आत्ता खोलीबाहेरच्या बाकावर बसली आहे. दाराच्या फटीतून मला तिच्या चपला दिसतात. एका चपलेचा अंगठा सुतळीने बांधला आहे.

शनिवारी तुझं दुसरं पत्र आलं. या वेळी अक्षर नीट होतं. “संशय मावशीवर आहे. बाटल्या आत ठेवायचं काम तिचंच, म्हणून. मला फक्त पाच मिनिटं विचारलं. तिला घरी बसवलंय. गुरुवारी अकराला चौकशी आहे, नावापुरती, नंतर तिला काढतील. वाईट वाटतं, पण ती रोजंदारीवर आहे, तिला दुसरीकडे काम मिळेल. आता तू गप्प राहा. आठवडाभरात सगळं निवळेल.”

ते वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं माहीत आहे? हायसं वाटलं. मी खाटेवर बसले आणि चार दिवसांत पहिल्यांदा मला सडकून भूक लागली. खाली जाऊन दोन ताटं जेवले. तुला नावं ठेवायच्या आधी हे सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं.

आज साडेबाराला मावशी विभागात आली. दोन तास बसने, हातात कापडी पिशवी, पिशवीत आमच्या अंकाची घडी. दारातच विचारलं, “ही बातमी लिहिणारी मुलगी कुठे बसते?”

मी म्हणाले, “मीच.”

“एवढीशी?” ती म्हणाली. “मला वाटलं कोणी मोठी बाई असेल. मग फोटो तरी छापायचा, म्हणजे शोधायला एवढे जिने चढावे लागले नसते.”

मी तिला पंख्याखाली बसवलं. सर उठून बाहेर गेले. त्यांना काय कळलं, कोण जाणे. मावशीने अंक टेबलावर पसरला. “वाचून दाखवा. आमच्या शेजारची पोर वाचते, पण अर्धं गिळते.”

मी वाचलं. तुझं वाक्य मी घाईने उरकलं. तिने पुन्हा वाचायला लावलं.

“बाटल्या मीच ठेवते,” ती म्हणाली. “बावीस वर्षं. पण हे मी बोलले नाही. मला वाचताच येत नाही, तर कागदावर काय शिक्का आहे ते मला काय कळणार? साहेबांना तेच सांगितलं. ते म्हणाले, ‘मावशी, तुम्ही फार हुशार आहात, अडाणी असल्याचं सोंग आणू नका.’ बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणी हुशार म्हटलं, तेही असं.” आणि ती हसली, ताई. खरंच हसली. मग म्हणाली, “तुम्ही फक्त एक चिठ्ठी द्या. ‘ही बाई माझ्याशी बोलली नाही’, एवढं लिहा. तुम्ही शिकलेल्या, तुमचं ऐकतील.”

मी लिहायला घेतलं आणि हात थांबला. अकरा माणसं, दोन बाया. मी ‘ही नाही’ असं लिहिलं की दुसरी कोण, ते शाळकरी पोरही सांगेल. माझ्या चिठ्ठीवर तुझं नाव न लिहिताच लिहिलं जाणार होतं. मी काहीतरी बोलायला लागले, तत्त्व, जबाबदारी, बातमीदाराचं कर्तव्य, जे जे पाठ आहे ते सगळं. बोलताना हात उडत होते. मावशी माझ्या शब्दांकडे लक्षच देत नव्हती. ती माझ्या हातांकडे बघत होती. मग नाकाकडे. मग हनुवटीकडे.

“आमच्या मॅडम बोलताना अस्साच हात उडवतात,” ती हळूच म्हणाली.

पंखा फिरत होता. मला वाटलं, आता ती ओरडेल, अंगावर धावून येईल. मी तेच केलं असतं. तिने अंकाची घडी घातली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, अगदी लहान होईपर्यंत.

“मला काही कळलेलं नाही हं,” ती म्हणाली.

“मावशी, ऐका ना...”

“काही बोलू नका. तुम्ही बोललात तर मला कळेल. कळलं तर गुरुवारी मला खोटं बोलावं लागेल. मला खोटं बोलताना घाम फुटतो, लगेच दिसतं.” मग घडी पिशवीत टाकत, “मॅडम चांगल्या आहेत. माझ्या मुलीचा दाखला अडला होता तेव्हा त्याच आल्या होत्या शाळेत. कोणाला भलतंच काही व्हायला नको.”

ताई, मी जे शिकायला इथे आले, ते या बाईने पाच वाक्यांत करून दाखवलं. सांगणाऱ्याचं नाव कसं सांभाळायचं यावर मी चाळीस गुणांचा प्रश्न सोडवला आहे. तिने स्वतःचं काम पणाला लावून ते सांभाळलं, आणि ते नाव तिला कोणी विश्वासाने सांगितलेलंही नव्हतं.

आता जे लिहायचं टाळत आले ते लिहिते. मागच्या पत्रात मी तुला सांगितलं की ‘गेले’ अनवधानाने राहिलं. ते खोटं आहे.

मुद्रित तपासताना माझ्यासोबत वर्गातली एक मुलगी होती. तिला आम्ही कासव म्हणतो, कारण ती प्रत्येक ओळ तीनदा वाचते. ती तुझ्या वाक्यावर थांबली. म्हणाली, “अगं, यावरून बाई आहे हे कळतंय. ‘गेले तर’ऐवजी ‘गेल्यावर’ कर. किंवा अवतरणचिन्हं काढ आणि तुझ्या शब्दांत लिही. कोणाला काय कळणार?” ‘बाटल्या आत ठेवायला गेल्यावर दिसलं.’ बघ, एवढंच करायचं होतं. ना बाई, ना पुरुष. अर्थ तोच.

मी काय केलं असेल? मी भाषण केलं. खुर्चीवरून उठून, पंधरा मिनिटं. म्हणाले, एका बाईने बोललेलं वाक्य पुसून त्यातली बाई नाहीशी करायची? आयुष्यभर जिला गप्प केलं, तिचं तोंड आता आम्हीही दाबायचं? अवतरणचिन्हांच्या आत कोणीही हात घालणार नाही! मुलांनी बाकं वाजवली. कासव म्हणाली, “पण तिला विचारलंस का?” बाकांच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पानावर सही केली.

तेव्हा ती मात्रा चुकून राहिली नाही, ताई. तिच्यासाठी मी भांडले, आणि जिंकले. मला तुझं वाक्य वाचवायचं होतं. तुला वाचवणं त्यानंतर आलं. तू त्या घरात ज्यांच्यामुळे गप्प झालीस, त्यांच्याच रांगेत मी जाऊन उभी राहिले. त्यांनी तुझं बोलणं तोडलं. मी ते न विचारता उचललं. दोन्ही वेळा तुझं कोणी ऐकलं नाही.

आणि एक गोष्ट. बातमीतून मी दिवस गाळला. तू ओळखू येऊ नयेस म्हणून. पण तूच मला सांगितलं होतंस, की त्या दिवशी मावशी मुलीला घेऊन दवाखान्यात गेली होती, म्हणून बाटल्या ठेवायला तुला जावं लागलं. तो दिवस छापला असता तर मावशी हजेरीपट दाखवून सुटली असती. तुझ्यासाठी बांधलेल्या भिंतीखाली मी तिला चिणलं. तो दिवस आज मला माहीत आहे, तुला माहीत आहे. तिला माहीत नाही, कारण कोणत्या दिवसाबद्दल चाललंय हेच तिला कोणी सांगितलेलं नाही.

तू म्हणशील, मग तूच का सांगत नाहीस, एवढी मोठी वक्ता ना? मी सांगणार नाही. मला फाडून टाकलं तरी नाही. तुझं नाव तुझं आहे. एकदा तुझं वाक्य न विचारता घेतलं, आता नाव न विचारता देणार नाही. कागद पुढे ओढून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा फाडला. मी बोलले तर तुला विकते, गप्प बसले तर मावशीला. ही कोंडी मी स्वतः बांधली आहे आणि तिचं दार तुझ्या बाजूने उघडतं. फक्त तुझ्याच बाजूने.

मला भीती वाटते, ताई. भाऊजी काय म्हणतील याची, तुझं काम जाईल याची. सर्वांत जास्त भीती कशाची वाटते सांगू? तू हे पत्र वाचून घडी घालशील, आणि म्हणशील, “मावशी, चहा घेऊन जा.” आणि ती चहा पिऊन जाईल. ती एक अवाक्षर विचारणार नाही. गुरुवारी जाऊन नुसती बसेल. आपण दोघी सुटू, आठवडाभरात सगळं निवळेल, तू म्हणतेस तसंच. मग जन्मभर मी व्यासपीठावर उभी राहीन आणि तू समोर बसशील, आणि दोघींनाही माहीत असेल.

तू चूक केलेली नाहीस. हे नीट वाच. तू खरं बोललीस, तेही आपल्या बहिणीशी, स्वयंपाकघरात. गुन्हा ज्यांनी शिक्के मारले त्यांचा, आणि विश्वासघात माझा. मी तसं लिहून दिलं आहे, सोबतचा दुसरा कागद बघ: हे वाक्य मी सांगणाऱ्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय छापलं, ते छापायचं आहे हे तिला माहीत नव्हतं. खाली माझी सही आहे, विभागाचा शिक्का आहे. सरांनी तो स्वतः मारला. मारताना म्हणाले, “याने तुझं वर्ष जाईल.” मी म्हणाले, “जाऊ दे.” त्यांनी कागदावर फुंकर मारून शाई वाळवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “नियम अर्धाच शिकवला मी.” तुझं नाव त्या कागदात कुठेही नाही. हा कागद वापरायचा की चुलीत घालायचा, ते तू ठरव.

मावशीने आत्ताच दार ढकललं. “झालं का? बस चुकली तर मुलगी उपाशी राहील.” मी म्हटलं, पाच मिनिटं. तिने विचारलं, “कुठे द्यायचं हे?” मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “मॅडमकडेच ना. त्यांचं घर वाटेतच आहे.” आणि मग, “पाकीट नीट चिकटवा हं. माझ्या पिशवीत काय काय सांडतं.”

तिला आत काय आहे ते माहीत नाही. विचारलंही नाही. आत्ता तू हे वाचतेस तेव्हा ती तुझ्या दारात उभी असेल, किंवा पायरीवर बसली असेल, कारण आत ये म्हटल्याशिवाय ती आत येणार नाही.

ताई, पुढचं मी सांगू शकत नाही. फक्त मागू शकते. तिला आत बोलव. तो दिवस कुठला होता, ते तिला तुझ्या तोंडाने सांग. आणि गुरुवारी अकरा वाजता त्या खोलीत तिच्याबरोबर जा. मी त्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने येते आहे. तू गेलीस तर तुझ्या दुसऱ्या बाजूला बसेन, नाही गेलीस तर तिच्या शेजारी बसेन, आणि तुझं नाव कोणालाही सांगणार नाही.

आधी तिला आत बोलव.

तुला न विचारता बोललेली,
तुझी धाकटी